सायकलवरून पाणपक्षी: शहरातल्या नद्या, नाले आणि पाणथळी कशा पाहाव्यात

नदीकाठच्या रस्त्याने ताशी वीसच्या वेगाने गेलात तर बगळे दिसतील, पाणकावळे दिसतील, नशीब असेल तर पाण्यालगत निळी रेघ ओढत गेलेला खंड्या दिसेल. त्याच रस्त्यावर विचार करून निवडलेल्या पाच जागी उतरून उभे राहिलात तर काठाच्या गवतात दबून बसलेला पाणलावा, चिखलावर शेपटी हलवणारी तुतारी आणि झुडपात झोपलेला रातबगळाही सापडतो. पायी तीन तासांत एकच काठ होतो. मोटार पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पोचली तरी अरुंद बांधावर वळत नाही. सायकलचा उपयोग दोन थांब्यांमधलं अंतर झटकन आणि आवाज न करता कापण्यासाठी आहे. पक्षी पाहायचे ते उतरूनच. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी नकाशावर पाणी वाचा

फोनवर उपग्रह-नकाशा उघडा आणि घरापासून सायकलच्या टप्प्यातलं सगळं पाणी शोधा. नुसत्या निळ्या रेघा पाहू नका, कारण शहरातले कितीतरी नाले, खाणींची डबकी आणि शुद्धीकरण केंद्रांची तळी साध्या नकाशावर दिसतच नाहीत. जुनी उपग्रहचित्रं पाहायची सोय असेल तर तीच जागा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कशी दिसते ते ताडून पाहा. उन्हाळ्यात जिथे तपकिरी कडा उघडी पडते, तिथे चिखलातले पक्षी येणार. जिथे वर्षभर एकसारखा गडद हिरवा पट्टा दिसतो, तिथे बहुधा जलपर्णी आहे.

मग पाण्याची खोली डोळ्यांसमोर आणा. पाणपक्ष्यांची वाटणी बरीचशी खोलीवर ठरते. लहान तुताऱ्या आणि चिखल्यांना बोटभर पाणी किंवा नुसता ओला चिखल लागतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात फिरतो. थापट्या, तलवार बदक यांसारखी डोकं बुडवून खाणारी बदकं उथळ पाण्यावर असतात. पाणकावळा, टिबुकली आणि वारकरी बुडी मारतात, त्यामुळे त्यांना खोल पाणी चालतं. म्हणून सरळ काँक्रीटच्या भिंतींमध्ये बांधून घातलेल्या नदीवर पक्ष्यांचे प्रकार कमी दिसतात. तीच नदी जिथे पसरते, वळते, गाळ टाकते किंवा बंधाऱ्यावरून पडते, तिथे त्यांची गर्दी असते.

थांबे निवडताना या जागा सोडू नका: बंधाऱ्याची खालची बाजू, नाला नदीला मिळतो ते तोंड, नदीच्या वळणाच्या आतल्या अंगाला साचलेला गाळ, पुलाची पोटं (भिंगऱ्या आणि पाकोळ्या तिथे घरटी करतात), पाण्यावर वाकलेली झाडं आणि पाण्यात अर्धवट बुडालेलं काहीही, मग तो जुना खांब असो की टाकून दिलेला टायर.

नाल्याच्या तोंडाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. पण सांडपाण्यातल्या सेंद्रिय गाळात कीटकांच्या अळ्या अमाप वाढतात आणि शेकाटे, तुताऱ्या, धोबी त्यांच्यावर ताव मारतात. मेलबर्नजवळच्या वेरिबी इथलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र तर पक्षीनिरीक्षकांमध्ये जगप्रसिद्ध आहे. तो परिसर रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळींच्या यादीत आहे आणि तिथे पक्षी पाहायला परवाना काढावा लागतो. लंडनमध्ये पाणीपुरवठ्याचे निकामी झालेले जलाशय बदलून केलेली बार्न्सची पाणथळ २००० साली लोकांसाठी उघडली. तेव्हा ‘नैसर्गिक’ जागेच्या शोधात शहराबाहेर तीस किलोमीटर जाण्याआधी शहरातली माणसाने केलेली पाणी तपासा.

मात्र पक्ष्यांची गर्दी म्हणजे पाणी स्वच्छ, असं समजू नका. शेकाटे वाढत असतील आणि कवड्या धीवर, सुरय हे मासे खाणारे पक्षी दिसेनासे झाले असतील, तर पाण्यातले मासे कमी होत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. जलपर्णीचंही तसंच. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावर मजेत चालतात, पण उघडं पाणी झाकलं गेलं की बदकं निघून जातात.

एका फेरीला दहा-बारा किलोमीटर आणि पाच-सहा थांबे पुरेत. अंतर वाढवायचा मोह होतो. सायकल हातात आली की सगळ्यांनाच होतो. थांबे आधी ठरवा, किलोमीटर आपोआप ठरतात. पहिल्यांदा जाताना दुर्बीण बाजूला ठेवून एकदा नुसता रस्ता पाहून या: बांध कुठे खचलाय, फाटक किती वाजता उघडतं, सायकल कुठे उचलून न्यावी लागते, अडचण आली तर बाहेर पडायला वाट कुठे आहे.

ऊन, वारा आणि भरती

वेळ पक्ष्यांपेक्षा उजेडावरून ठरवा. समोरून ऊन आलं तर पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन बसतो. सकाळी पूर्वेच्या काठावर राहून पश्चिमेकडे पाहा, संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर राहून पूर्वेकडे. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिलं तर दिवसातला बराच वेळ ऊन पाठीशी राहतं. नदीचे दोन्ही काठ जोडणारा पूल असेल तर जाताना एक आणि येताना दुसरा काठ, अशी फेरी याच हिशोबाने आखा.

सायकलस्वाराचा जुना नियम इथेही चालतो: जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे दमलेल्या पायांनी परतताना तो पाठीशी असतो. पाणपक्षी बसताना सहसा वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतानाही वाऱ्याकडेच झेप घेतात. वारा आडवा असेल तर त्यांची पूर्ण बाजू दिसते आणि ओळखायला सोपं जातं. जोराच्या वाऱ्यात तलावाच्या मध्यभागी वेळ घालवू नका. वारा ज्या काठावरून येतो त्या काठालगतचं पाणी शांत असतं, टिबुकल्या आणि लहान बदकं तिथेच गोळा होतात.

खाडीकाठी जायचं असेल तर घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक महत्त्वाचं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणून आजच्या सोयीच्या वेळेला उद्या जवळपास पन्नास मिनिटं जोडावी लागतात. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतून ठिपके दिसतात. भरतीच्या दोनेक तास आधी पोचा. पाणी चढत जातं, चिखल आक्रसतो आणि पक्षी हळूहळू काठाकडे ढकलले जातात. भरती पूर्ण झाली की ते मिठागरं, कोरडे बांध अशा विसाव्याच्या जागी जातात, तिथे त्यांना पुन्हा शोधा, पण लांबूनच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा काठावरची पायवाट पाण्याखाली जाऊ शकते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते आणि चिखल पूर्ण झाकला जाईलच असं नाही.

सायकल आणि दुर्बीण

कुठलीही धड चालणारी सायकल चालते. बारीक टायरची रेसिंग सायकल बांधावर त्रास देते. पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर आणि दोन्ही चाकांना मडगार्ड असले की बहुतेक वाटा पार होतात. खडबडीत वाटेवर हवा थोडी कमी ठेवा. स्टँड चिखलात रुततो, म्हणून डब्याचं चपटं झाकण जवळ ठेवा आणि स्टँडखाली सरकवा. जादा ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि पॅच हवेतच. पाणथळीच्या वाटांवर बाभळीचे काटे आणि फुटक्या काचा दोन्ही असतात.

आवाजाकडे मात्र लक्ष द्या. बऱ्याच सायकलींचं मागचं चाक पेडल थांबवलं की टकटक वाजतं आणि शांत काठावर तो आवाज लांब जातो. थांब्याच्या शेवटच्या शंभरेक मीटरवर पेडल सोडून देऊ नका, हलके हलके फिरवत राहा, टकटक बंद होते. ब्रेक किंचाळत असेल तर आधीच वेग कमी करत आणा. सैल बाटली, खुळखुळणाऱ्या किल्ल्या आणि कोरडी चेन यांचा बंदोबस्त घरीच करा.

दुर्बीण ८×४२ किंवा ८×३२ घ्या. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, ८×३२ मध्ये चार. पहाटेच्या अंधुक उजेडात पहिली सरस, पण दुसरी हलकी आणि सायकलवर दिवसभर बरी वाटते. दहापटीच्या दुर्बिणीचा हट्ट करू नका. पेडल मारून आलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी वाढलेली असते आणि दहापटीत हाताची प्रत्येक थरथर मोठी दिसते. उतरल्यावर एक मिनिट श्वास खाली बसू द्या, मग कोपर सीटवर टेकवून पाहा. सायकल हीच तुमची तिवई.

दुर्बीण कॅरिअरला कधीही बांधू नका. खड्ड्यांचे धक्के बसत राहिले की आतले प्रिझम सरकतात, एकाच्या दोन प्रतिमा दिसायला लागतात आणि ती घरी दुरुस्त होत नाही. छातीशी घट्ट बसणाऱ्या हार्नेसमध्ये ठेवा, शरीर धक्के शोषून घेतं आणि वाकल्यावर ती हँडलवर आपटत नाही. निघण्याआधी दोन्ही डोळ्यांचा फोकस जुळवून घ्या: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या नळीचं कडं फिरवा. ही दोन मिनिटं न दिल्यामुळे अनेकजण वर्षानुवर्षं डोकेदुखी सोसत फिरतात.

थांबण्याची रीत

रोजच्या वाटेवरून सरळ जाणाऱ्या सायकलला काठावरचे पक्षी सरावलेले असतात. सायकल पुढे जाते हे त्यांना माहीत असतं. बिघडतं ते थांबताना, आणि त्याहून जास्त वाट सोडून पाण्याकडे चालायला लागल्यावर. माणूस ठरलेली रेघ सोडून आपल्याकडे येतोय हे कळायला बगळ्याला क्षणही लागत नाही.

म्हणून पक्षी दिसला रे दिसला की ब्रेक दाबायचा नाही. नजर रस्त्यावर ठेवून त्याच वेगाने पुढे जा आणि वीस-तीस मीटर ओलांडून आडोशाला थांबा: झाडाचं खोड, पुलाचा खांब, उंच गवत, भिंतीचं टोक. पाण्याच्या उलट्या बाजूला उतरा, म्हणजे सायकल मध्ये राहते आणि तुमची पूर्ण उभी आकृती पक्ष्यासमोर येत नाही. सायकल आडवी पाडू नका, खणखणाट होतो. बांधाच्या माथ्यावर उभं राहू नका, आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुम्ही मैलावरून दिसता. सायकल जमिनीच्या बाजूला ठेवा, खाली वाका आणि बांधावरून फक्त डोकं वर काढा. रुंद नदीवर समोरच्या काठावरचे पक्षी पाहणं नेहमीच सोपं. मधे पाणी असलं की ते निर्धास्त असतात.

आता काहीच करू नका. तुम्ही आल्यामुळे दडलेल्या पाणकोंबड्या पाच-सात मिनिटांनी गवतातून बाहेर पडायला लागतात. नवखे लोक याच्या दोन मिनिटं आधी निघून जातात. प्रत्येक थांब्याला किमान दहा मिनिटं द्या, गाळाच्या किंवा बंधाऱ्याच्या जागेला वीस.

पाहण्याचा क्रमही ठरवून घ्या. नुसत्या डोळ्यांनी आधी पायाजवळची कड, मग उथळ भाग, मग मधलं पाणी, मग समोरचा काठ, शेवटी आकाश. बहुतेकजण दुर्बीण लावून आधी लांबचा थवा पाहतात आणि तोवर पायाजवळचा पाणलावा भर्रकन उडून जातो. आकाश विसरू नका. सगळी बदकं एकदम पाण्यावरून उठली तर वर पाहा, बहुधा भोवत्या किंवा एखादा गरुड फिरत असतो.

पक्षी अस्वस्थ झाल्याची चिन्हं क्रमाने येतात: खाणं थांबतं, मान ताठ होते, मग तो चालत किंवा पोहत दूर जातो आणि शेवटी उडतो. मान ताठ झाली की तुम्ही थांबायचं, जमलं तर एक पाऊल मागे घ्यायचं. छायाचित्र काढणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही असा अनुभव आहे, तरी सांगतो: त्याला उडवून मिळवलेलं चित्र बहुतेकदा शेपटीचंच असतं.

गोंधळात टाकणारे नेहमीचेच

पहिले काही महिने दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे लागू नका, पांढरे बगळे सोडवा. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी असतील तर तो लहान बगळा. उडताना पिवळे ‘मोजे’ लगेच दिसतात. चोच आखूड पिवळी, मान जाडसर आणि पाण्यापेक्षा गवतात, जनावरांपाशी जास्त वावर, तर गायबगळा. मोठा आणि मध्यम यांत फसायला होतं. तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली असेल तर मोठा, डोळ्याखालीच संपत असेल तर मध्यम. मानेला चमत्कारिक कोनात मोड असेल तरी मोठाच. चोचीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, विणीच्या काळात तो बदलतो.

दुसरा गुंता तुताऱ्यांचा. सतत शेपटी हलवत काठाने चालणारी, छातीच्या करड्या रंगाला खांद्याजवळ पांढरी खाच असलेली ती सामान्य तुतारी. ती पाण्यालगत, पंख ताठ ठेवून फडफडत उडते. पाठ गडद आणि उडताना कमरेचा भाग लख्ख पांढरा दिसला तर हिरवी तुतारी. पाठीवर स्पष्ट ठिपके आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असेल तर ठिपकेवाली. उडतानाचं एक दर्शन इथे बसलेल्या दहा दर्शनांचं काम करतं.

आवाज ओळखणारी फोनची ॲप उपयोगी आहेत, पण वाहनांच्या आवाजात ती चुकतात. ॲपने नाव सुचवलं की पक्षी डोळ्यांनी शोधा, सापडला तरच नोंदवा.

काठावरचे धोके

सायकल चालत असताना दुर्बीण डोळ्याला लावायची नाही आणि आकाशातली घार पाहत पेडल मारायचं नाही. बाकी सगळे धोके यानंतर. मागून येणाऱ्याला कळेल असं कडेला जाऊनच उतरा. खचलेल्या बांधाच्या कडेपासून दोन हात दूर राहा. वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या सूचना पाहूनच नदीपात्रात उतरा. सामसूम जागी एकट्याने जाऊ नका, किमान कुणाला तरी रस्ता आणि परतीची वेळ सांगून निघा.

कुत्री मागे लागली तर पळण्याची शर्यत करू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत त्यांची हद्द ओलांडा.

साचलेल्या शहरी पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात आणि ते जखमेतून शिरतात. पायाला खरचटलेलं असेल तर चिखलात उतरूच नका. मेलेल्या किंवा मान टाकून पडलेल्या बदकांना हात लावू नका. कडक उन्हाळ्यात ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात बोटुलिझमने आणि इतर वेळी बर्ड फ्लूनेही पाणपक्षी मरतात. एकाच जागी अनेक मेलेले दिसले तर वनखातं किंवा पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

विणीच्या काळात कोरड्या नदीपात्राच्या वाळूत आणि गोट्यांत सायकल घालू नका. टिटव्या, चिखल्या आणि शेकाटे उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती गोट्यांत बेमालूम मिसळतात. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत चालायला लागला, तर तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात. आलात त्याच वाटेने, पायाखाली पाहत मागे फिरा. पक्ष्याला बोलवायला फोनवर आवाज वाजवू नका.

नोंद ठेवायची कशी

कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ २००२ पासून चालू आहे आणि नोंदीसाठी तेच सोयीचं. पण सायकलस्वाराने सगळ्या फेरीची एकच फिरती यादी करू नये असं माझं मत आहे. चालत्या सायकलवरून निम्मे पक्षी निसटतात आणि बारा किलोमीटरमध्ये कुठला पक्षी कुठे होता हे कळत नाही. प्रत्येक थांब्याची वेगळी स्थिर यादी करा. अशा यादीत तीसेक मीटरच्या आतच राहायचं असतं. उतरलात की सुरू करा, निघताना बंद करा. दिसलेले सगळे ओळखीचे पक्षी, कावळ्या-पारव्यांसकट, नोंदवले असतील तरच यादी ‘पूर्ण’ म्हणा.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या आणि तेवढे ठोकळे थव्यावर ठेवत जा. उडता थवा मागून पुढे मोजा. पायात अभ्यासकांनी घातलेलं रंगीत कडं किंवा पट्टी दिसली तर कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम काय आणि अक्षरं कोणती, हे तिथेच लिहून घ्या. घरी येईपर्यंत डावं-उजवं हमखास उलटतं.

तोच पट्टा आठवड्याने किंवा पंधरवड्याने पुन्हा पाहा. नवी जागा पाहण्याइतकी मजा त्यात नसेल, पण थापटे कधी आले, भिंगऱ्यांनी पुलाखाली चिखल कधी न्यायला सुरुवात केली, भराव टाकल्यावर तुताऱ्या कुठे सरकल्या, हे दुसऱ्या कुणालाही माहीत नसतं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एखादी पाणथळ वर्षभर पाहिलेला माणूस ती गणना करणाऱ्या गटाला हवाच असतो.

घरी निघताना

टायरच्या खाचांतला आणि बुटांच्या तळव्यातला गाळ त्याच पाणथळीच्या काठावर काडीने काढून टाका. त्यात बिया, गोगलगायींची अंडी आणि जलपर्णीचे तुकडे असतात आणि पुढच्या तलावाला ते नको आहेत. खाडीवरून आला असाल तर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण जोराची धार चाकांच्या आसांवर मारू नका, ग्रीस निघून जातं. चेन पुसून कोरडी करा आणि मगच तेल द्या. दुर्बिणीच्या भिंगावरची धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने उडवा. थेट रुमाल घासलात तर मिठाचे कण भिंगावर ओरखडे पाडतील.